गोंधळ: शब्दाचा आणि आपला



एका चुकीच्या शब्दापासून सुरुवात करतो, आणि ती चूक माझीच आहे. पुतण्याच्या लग्नानंतर घरी देवीचा गोंधळ होता. रात्रीचा एक वाजून गेला होता आणि पहाटे मला कीर्तनाच्या गावी निघायचे होते. चौकापुढे आख्यान ऐन रंगात आले होते. मी उठून गोंधळ्यांच्या नाइकाजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, “नाईक, आता गोंधळ आवरा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, हात जोडले आणि म्हणाले, “महाराज, गोंधळ आवरत नसतात. आईला बोलावून बसवलीय. आरती करून तिला वाटेला लावली की आम्ही उठू. आवरायचा असतो तो पसारा.”

मंडळी हसली, मीही हसलो. पण ते उत्तर मनातून गेले नाही. मी ‘पूजा आवरा’ म्हणालो असतो का? ‘कीर्तन आवरा’ असे कोणी मला म्हटले असते तर मी ते हसून सोडून दिले असते का? मग ‘गोंधळ’ म्हणताना माझ्या तोंडून तो शब्द इतक्या हलकेपणाने का गेला?

कारण उघड आहे. त्या एका शब्दात आपण दोन परस्परविरोधी गोष्टी भरून ठेवल्या आहेत. ‘शुक्रवारी आमच्याकडे गोंधळ आहे, प्रसादाला या’ असे निमंत्रण आपण आनंदाने देतो. आणि पोरांनी घर डोक्यावर घेतले की त्याच तोंडाने ‘काय गोंधळ मांडलाय’ म्हणून ओरडतो. सभागृहात आरडाओरड झाली की बातमी येते, सभेत गोंधळ. परीक्षेत गोंधळ, रेल्वेच्या वेळापत्रकात गोंधळ, डोक्यातही गोंधळ. कुळधर्माचे नाव बेशिस्तीचे नाव कसे झाले? वारकऱ्याने या प्रश्नाची उठाठेव का करावी, हे शेवटी सांगतो. आधी गोंधळ म्हणजे मुळात काय ते नीट पाहू. कारण ज्या वस्तूचे नाव बिघडले ती वस्तूच आपल्यापैकी अनेकांनी शेवटपर्यंत बसून पाहिलेली नाही.

लग्न, मुंज असे मंगलकार्य निर्विघ्न पार पडले की कुलदेवतेचे ऋण फेडण्यासाठी गोंधळ घालतात. तो रात्रीचा विधी आहे. पाटावर किंवा चौरंगावर नवे वस्त्र अंथरून त्यावर धान्याचा चौक भरायचा. मधोमध कलश, त्यावर विड्याची पाने आणि नारळ. कुठे पाच उसांचा, कुठे ज्वारीच्या धाटांचा मांडव त्याच्यावर उभा करायचा. मग दिवटी पाजळायची. गोंधळ्यांच्या अंगात पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी कुंकू. साथीला संबळ, तुणतुणे आणि झांज. आधी गणेशाचे स्तवन. मग देवतांना आवाहन: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, एकेकाला त्याच्या त्याच्या गावाचे नाव घेऊन बोलावायचे. माउली, या बोलावण्यात पंढरपूरचा विठोबाही असतो. देवीचा भक्त आपल्या घरच्या कार्याला आपल्या विठोबाला विसरत नाही, एवढे इथे लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडेल.

आवाहनानंतर देवीची स्तुती, मग आख्यान, आणि शेवटी आरती. नारदीय कीर्तनासारखाच पूर्वरंग आणि उत्तररंग इथेही आहे. आख्याने पुराणातली, रामायण-महाभारतातली, लोककथेतली. ‘जांभूळ आख्यान’ अनेकांनी ऐकले असेल. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उमटलेला एक सूक्ष्म भाव, तिचे पातिव्रत्याचे अभिमान, आणि ते उघडे करणारे श्रीकृष्ण. मनाच्या तळाशी लपवलेले सत्य कबूल केल्यावाचून सुटका नाही, हे त्या आख्यानाचे मर्म. हा विषय आपल्या फडावरच्या एखाद्या कीर्तनात आला असता तर आपण माना डोलावल्या असत्या.

आता सांगा, ज्याला मांडणी आहे, क्रम आहे, आवाहन आणि विसर्जन आहे, त्याला अव्यवस्थेचे नाव कसे मिळाले?

शब्दाचे मूळ शोधायला गेले की दोन वाटा दिसतात. एक वाट कथेची. परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्या शिराला भोके पाडून त्यात त्याच्याच शिरेची तार ओवली, आणि ती तार छेडीत तो माता रेणुकेपुढे नमस्काराला आला. ते पहिले तुणतुणे आणि तो पहिला गोंधळ, असे गोंधळी सांगतात. या कथेतून शब्दाची व्युत्पत्ती मिळत नाही, तिने तसा दावाही केलेला नाही. गोंधळ करणारा स्वतःकडे कोणत्या नात्याने पाहतो ते मात्र तिच्यातून कळते. रणातून आलेला मुलगा आईला वंदन करतो आहे. जिंकलेल्याचा माज उतरवून त्याचे वाद्य करायचे आणि ते आईच्या पायाशी वाजवायचे, हा त्यातला भाव आहे.

दुसरी वाट ग्रंथांची. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात ‘गौंडली’ नावाच्या नृत्याचे वर्णन आहे. त्याच शतकात जायप सेनापतीने ‘नृत्तरत्नावली’ लिहिली. त्याने या नृत्याचा संबंध कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराशी आणि भिल्ल स्त्रीच्या वेषात नाचणाऱ्या नर्तकीशी जोडला आहे. ‘गोंडली’वरून ‘गोंधळ’ आला असावा, असे मत यावरून मांडले जाते. मला हे मत मोहक वाटते, पण पुरेसे वाटत नाही. गोंडली हे एका नर्तकीने सभेत करायचे नृत्य. गोंधळ ही पुरुषांनी रात्री दिवटीच्या उजेडात मांडलेली पूजा. ‘ड’चा ‘ध’ आणि ‘ली’चा ‘ळ’ झाला असे नुसते म्हणून या दोन गोष्टी एक होत नाहीत. नावातले साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.

तरीही या वाटेवर एक गोष्ट हाती लागते. ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. त्याच्या अर्धशतक आधीपासून या मुलखात या ध्वनीशी मिळताजुळता शब्द वावरतो आहे, आणि तो नृत्य, गीत, वाद्य यांच्या संगतीत वावरतो आहे. भांडणतंट्याच्या संगतीत नव्हे. शेजारच्या कन्नडमध्येही ‘गोंदल’ हा शब्द आहे, आणि तिथेही तो देवीपुढे गाणाऱ्या गोंदलिगांचा आहे. गंमत अशी की कन्नडमध्येसुद्धा आज ‘गोंदल’ म्हटले की लोकांना घोटाळाच आठवतो. तुळजापूरच्या आईला दोन्ही भाषांतली लेकरे येतात. शब्दही दोन्हीकडे राहिला आणि दोन्हीकडे सारखाच घसरला.

घसरला असे मी म्हणतो, त्याला आधार काय? पहिला आधार कोशाचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ सालची. त्यात गोंधळाचा पहिला अर्थ देवीप्रीत्यर्थ केलेल्या उत्सवाचा आहे. गडबड, अव्यवस्था हा अर्थ नंतर येतो आणि लाक्षणिक म्हणून येतो. म्हणजे पूजा हा मूळ अर्थ, गलका ही त्याची सावली. पण त्याच कोशात पहिला अर्थ सांगतानाही त्या उत्सवाला दंगलीचे, गजबजाटाचे विशेषण लावलेले आहे. कोशकाराने भाषेवर प्रेम केले, अपार मेहनत घेतली, यात शंका नाही. परंतु गोंधळ त्याने बाहेर उभे राहून ऐकला. ज्याला आवाहनातली नावे ओळखीची नाहीत, आख्यानाची गोडी नाही, त्याच्या कानी उरतो तो संबळाचा दणका. आणि हे केवळ परक्याचेच झाले असे नाही. भिंतीपलीकडे झोपलेल्या शेजाऱ्याचेही तेच झाले असणार. ज्याच्या घरी गोंधळ त्याला पूजा, ज्याच्या भिंतीपलीकडे त्याला आवाज. बिघडलेला अर्थ हा भिंतीपलीकडून आलेला अर्थ आहे.

दुसरा आधार क्रियापदाचा. देवीचा गोंधळ आपण ‘घालतो’. रांगोळी घालतो, दंडवत घालतो, प्रदक्षिणा घालतो, देवाला साकडे घालतो, चार माणसांना जेवू घालतो. धिंगाणाही घालतात, हुज्जतही घालतात, हे खरे. पण गोंधळाबरोबर हे क्रियापद आले ते दंडवताच्या आणि प्रदक्षिणेच्या रांगेतून, आणि बसले जाऊन धिंगाण्याच्या रांगेत. ‘मांडणे’चेही तसेच. चौक मांडायचा, देव्हारा मांडायचा, गोंधळ मांडायचा. पोरांवर खेकसताना आपण ‘गोंधळ मांडलाय’ म्हणतो तेव्हा तो चौक आणि तो कलश आपल्या नकळत अजून त्या वाक्यात असतो.

पुढे शब्द आणखी एक पायरी उतरला. ‘गोंधळणे’ असे क्रियापद झाले, ‘गोंधळलेला’ असे विशेषण झाले. आता बाहेर काही आवाजही लागत नाही. एखादा गप्प बसलेला माणूसही गोंधळलेला असू शकतो. पूजेवरून आवाजावर आणि आवाजावरून मनाच्या संभ्रमावर असा हा उतार आहे. देवीपुढे जागवलेली रात्र एका टोकाला, आणि कुठे जावे हे न सुचणारे मन दुसऱ्या टोकाला.

हे एकट्या गोंधळाच्या नशिबी आलेले नाही. ‘तमाशा’ म्हणजे पाहण्याजोगा खेळ. आज ‘चारचौघांत तमाशा करू नको’ म्हणतो. ‘नाटक करू नको’ म्हणतो, ‘सोंग आणू नको’ म्हणतो. नाथांनी ज्या भारुडाने गावेच्या गावे जागी केली त्याचे नाव घेऊन ‘काय भारूड लावलंय’ म्हणतो. ‘तुझं पुराण पुरे’ म्हणतो. लोकांनी एकत्र येऊन गायच्या, ऐकायच्या, पाहायच्या जेवढ्या गोष्टी, तेवढ्यांची नावे आपण टाकून बोलण्यासाठी वापरली. ज्या गोष्टी एकट्याने, गादीवर बसून, पोथी उघडून करायच्या असतात त्यांच्या वाट्याला हे फारसे आले नाही.

आणि आता, माउली, तो प्रश्न: वारकऱ्याने ही उठाठेव का करावी? कारण या यादीत आपणही आहोत. ‘टाळकुटे’ हा शब्द तुम्ही ऐकला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो हिणवणुकीचा म्हणून ऐकला आहे. ‘टाळ कुटत बसला’ म्हणजे वेळ वाया घालवला, असे शिकली-सवरली माणसे अजून म्हणतात. ज्या टाळाच्या ठेक्यावर आपले अभंग पाठ झाले, निरक्षर माणसाला शेकडो अभंग तोंडपाठ झाले, त्या टाळाचे नाव रिकामपणाला दिले गेले. हा शब्द लागतो तेव्हा आपल्याला दुखते. मग गोंधळ्याच्या अंगणात बसून त्याला ‘गोंधळ आवरा’ म्हणताना आपली जीभ का अडखळत नाही?

इथे कोणी म्हणेल, आपला मार्ग वेगळा. आपण विठोबाचे, माळकरी. देवीचे नवस, जागरण-गोंधळ हा आपला विषय नव्हे. संतांनी या दैवतांवर टीकाच केली आहे. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि ते अर्धे सत्य झाकून चालणार नाही. क्षुद्र दैवतांमागे लागून नवससायास करण्यावर, त्यापायी जिवांचे बळी देण्यावर तुकोबांनी कोरडे ओढले आहेत. पण दुसरे अर्धे पाहा. पैठणच्या नाथांनी आपल्या भारुडांत कोणाकोणाला उभे केले? जोशी, वासुदेव, भुत्या, जोगवा मागणारी, गोंधळी. तुकोबांच्या गाथेतही गोंधळ नावाने रचना आहेत. संतांना गोंधळ त्याज्य वाटला असता तर त्यांनी त्याच्या नावावर अभंग कशाला रचले असते?

या रचनांचा अर्थ सांगताना आपण कीर्तनकार बहुधा एक सोपी वाट धरतो. संतांनी गोंधळाचे ‘आध्यात्मिक रूपक’ केले, म्हणजे बाहेरचे टरफल टाकून आतला गर घेतला, असे सांगून पुढे जातो. मीही वर्षानुवर्षे असेच सांगत आलो. आता मला ते चुकीचे वाटते. संतांच्या गोंधळात देहाचाच चौक होतो, प्राणांच्या दिवट्या होतात, नेत्रांच्या ज्योती होतात, वैष्णव गायला बसतात आणि पंढरीनिवासी माउलीला देवी म्हणून बोलावले जाते. यातला एकेक तपशील तपासून पाहा. चौक आधी का भरतात, दिवटी केव्हा पाजळतात, आवाहन कोणत्या क्रमाने येते, हे ज्याने रात्रभर बसून पाहिले नाही त्याला असे रूपक सुचणारच नाही. टरफल म्हणून टाकलेल्या वस्तूची इतकी बारीक ओळख कोणाला नसते. हे पाहणे आदराचे आहे.

मग संतांनी बदलले काय? मागणे बदलले. जोगवा तोच, परडी तीच. पण मागायचे ते ज्ञान, वैराग्य आणि भक्ती. नवस तोच, पण फेडायचा तो अहंकाराचा बळी देऊन. संतांची टीका मागण्यावर होती, मांडणीवर नव्हती. स्वार्थावर होती, संबळावर नव्हती. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितले ते आता आठवा. गोंधळी आपल्या चौकात पंढरीच्या विठोबाला बोलावतो, आणि संत आपल्या गोंधळात विठाईला भवानी म्हणून बोलावतात. ही वाट दोन्ही बाजूंनी चालती आहे. तिच्या मध्ये भिंत घातली ती आपण.

ज्यांना आपण गडबडीचे नाव दिले त्यांनी सांभाळले काय, तेही पाहा. शिवकालापासूनचे पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडी राहिले. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तोवर ही कवने कागदापेक्षा कंठातच अधिक जगली होती. एक पिढी दुसरीला ऐकवते, चुकले तर साथीदार झील धरताना सावरून घेतो, अशी ती शिस्त. स्मरणाची एवढी व्यवस्था ज्यांच्याकडे होती त्यांच्या विद्येच्या नावाने आपण विस्मरणाला आणि अव्यवस्थेला हाका मारतो! कदमराई आणि रेणुराई हे गोंधळ्यांचे दोन मुख्य भेद. एक तुळजाभवानीचे, दुसरे रेणुकेचे. सरकारी यादीत हा समाज भटक्या जमातींत मोडतो. त्यांच्या घरातले लेकरू शाळेत आपले आडनाव किंवा जात सांगते तेव्हा वर्गातल्या पोरांना हसू कशामुळे येत असेल, याचा विचार करा. त्या हसण्यामागे आपला रोजचा शब्द उभा आहे.

आता विषय आपल्या अंगणात आणतो. बाहेरच्याला जो निव्वळ आवाज वाटतो त्यात व्यवस्था कशी असते, हे वारकऱ्याला शिकवायला नको. ज्ञानोबा माउलींच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. नवख्या माणसाला शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंचावतात आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. तरीही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निवाडा होतो. हरवल्या-सापडल्याचे पुकारे होतात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, मग आरती.

किती थोर गोष्ट आहे ही! आपल्याकडे अर्ज टाळाने करतात. वाजत राहणे हे बोलणे आहे, आणि थांबणे हे ऐकणे आहे. बाहेर उभे राहून पाहणारा याला गोंधळ म्हणेल, आणि गंमत अशी की मूळ अर्थाने तो बरोबरच ठरेल. चौक, आवाहन, नाद, गाऱ्हाणे, आरती: गोंधळात जे आहे तेच इथे आहे.

म्हणून मला कसोटी सापडली ती इथे. आवाज मोठा आहे की लहान, यावर तो पूजा की गलका हे ठरत नाही. तो कोणाला बोलावतो आहे, त्यातला शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो आहे का, आणि चोप उंचावल्यावर तो थांबतो का, एवढेच विचारायचे. संबळाचा नाद देवीला बोलावतो, आख्यानाच्या वेळी तो शब्दाखाली नमतो, आणि आरतीला संपतो. तिन्ही प्रश्नांना तो उतरतो.

हीच कसोटी आता आपल्याला लावून पाहू. इथे मला थोडे कडू बोलायचे आहे. वाटेवर दिंडी अभंग गात चाललेली असते आणि रस्त्याकडेच्या स्वागताच्या मांडवातून ध्वनिक्षेपकावर ध्वनिमुद्रित भक्तिगीत लावलेले असते. देव तोच, भाषा तीच, कदाचित अभंगही तोच. पण विणेकऱ्याचा आवाज त्याच्या पुढच्या टाळकऱ्यालाही ऐकू येत नाही. त्या भोंग्यापुढे चोप उंचावून काय उपयोग? त्याला डोळे नाहीत. गावोगावच्या सप्ताहात कीर्तनाचे कर्णे चार दिशांना चार खांबांवर चढतात आणि मंडपात मात्र मोजकी माणसे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा पाळावी, असे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. आपण तो नियम पोलिसांचा मानतो आणि आपल्यावर आला की धर्मावरचा घाला मानतो. पण भिंतीपलीकडे तापाने फणफणलेले लेकरू असेल, अभ्यासाला बसलेली पोर असेल, तर त्यांच्या कानी आपला हरिपाठ कोणत्या नावाने पोहोचतो? गोंधळाचा अर्थ ज्या भिंतीपलीकडे बिघडला, त्याच भिंतीपलीकडे आपल्या कीर्तनाचा अर्थ बिघडू शकतो. शंभर वर्षांनी कोणी ‘काय कीर्तन मांडलंय’ म्हणून पोरांवर खेकसू लागले, तर दोष एकट्या ऐकणाऱ्याचा नसेल.

कोणी म्हणेल, मग शब्दाचा वाईट अर्थ पुसून टाकायचा का? तसे होत नाही. भाषा ही वाहती चंद्रभागा आहे. तिला कोणी सांगून मागे वळवत नाही. वर्तमानपत्रे सभेतला गोंधळ छापतच राहणार, आणि मीही उद्या गडबडीत तोच शब्द वापरीन. पण आपल्यापुरते एवढे करता येईल. आवाजाला गलका म्हणावे, गोंगाट म्हणावे, कालवा म्हणावे, कोलाहल म्हणावे. मराठीला या मालाचा तोटा नाही. आणि देवीपुढच्या चौकाजवळ बसल्यावर तरी तो शब्द जपून उच्चारावा. कल्लोळ हा शब्द पाहा. संस्कृतात तो मोठ्या लाटेचा. आपण त्याचा हलकल्लोळही केला, पण आनंदकल्लोळही शिल्लक ठेवला, आणि तुळजापुरी भवानीच्या पायथ्याशी कल्लोळ तीर्थ आजही त्याच नावाने उभे आहे. शब्दाची एक बाजू मळली तरी दुसरी उजळ ठेवता येते. ती उजळ राहते वापराने.

त्या वापराची संधी हल्ली कमी होत चालली आहे. लग्न कार्यालयात, कार्यालय ठरावीक तासांचे, आणि गोंधळ असलाच तर दुसऱ्या दिवशी तासाभरात उरकायचा. चौक भरेपर्यंत पाहुणे उठतात. आख्यानाला सुरुवात झाली की कोणीतरी माझ्यासारखा शहाणा उठून नाइकाच्या कानाशी लागतो. संबळावर ज्याची बोटे बसली आहेत अशा मुलाला मग बाप सांगतो, यात राम राहिला नाही, दुसरे काही शिक.

त्या रात्री मी परत जाऊन बसलो. आख्यान आणखी दीड तास चालले. शेवटी नाइकांनी दिवटी हाती घेतली, बुधलीतले तेल तिच्यावर घातले, घरातल्या सगळ्यांना उठवून उभे केले आणि आरती झाली. ज्या क्रमाने देवतांना बोलावले होते त्याच क्रमाने एकेकीचे नाव घेऊन निरोप दिला. विठोबाचे नाव आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि दिवटी क्षणभर माझ्या बाजूला धरली. मी हात जोडले. पहाटेची गाडी चुकली, कीर्तनाला तासभर उशिरा पोहोचलो, आणि तिथल्या मंडळींना उशिराचे कारण विचारल्यावर सरळ सांगितले, “घरी गोंधळ होता.” ती मंडळी हसली. काय समजून हसली, ते तुम्हाला आता सांगायला नको.

रामकृष्ण हरी.